कथा, पटकथा, संवाद : शकुंतला मास्टर

शकूताई 'नाही' फार सुंदर म्हणायच्या. त्यात राग नसायचा, आवाज चढलेला नसायचा, समोरच्याला कमी लेखायचा हेतूही नसायचा. भाजीवालीने मेथी पुढे केल्यावर आपण "नको, आज शेपू दे" म्हणतो, तितक्या सहज त्या मुंबईच्या निर्मात्यांना, संस्थाचालकांना आणि पुढाऱ्यांना नाही म्हणायच्या. समोरच्याला आधी ते कळायचंच नाही. तो आपलं बोलत राहायचा आणि मग मध्येच अडखळून विचारायचा, "म्हणजे... नाही?"

"नाहीच म्हटलं ना मी. चहा घ्या."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांनी लिहायचं आणि मी चित्रं काढायची, असं आमचं जवळपास चौदा वर्षं चाललं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या गोष्टींतली म्हातारी माणसं काढली, म्हशी काढल्या, विजेचे खांब तर इतके काढले की झोपेतही काढीन. पण शकूताईंचं चित्र मला एकदाही जमलं नाही. त्या समोर बसल्या की दोन मिनिटांत म्हणायच्या, "झालं का? मला काम आहे." म्हणून आता शब्दांत काढून बघतो. शब्द हा माझा धंदा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी नाशिकरोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका वर्गात माझी चित्रं मांडली होती. गोदाघाट, बाजार, देवळं, असली जलरंगातली. पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. सुती साडी, हातात पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. एकेका चित्रापुढे त्या एवढा वेळ थांबल्या की मला आशा वाटू लागली. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही काढलीत?"

"हो."

"यातली सगळी माणसं फोटोला उभी केल्यासारखी का उभी आहेत? कुणालाच घरी जायचं नाही का?"

मला राग आला. पण त्या बाजाराच्या चित्राकडे वळल्या आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही बाई सोडून. हिची पिशवी जड आहे. हिला बस गाठायची आहे. जड पिशवी काढता येणारा माणूस मी वर्षभर शोधतेय. देवळाली कॅम्पला या रविवारी. कॉमिक्स काढायचंय."

मी म्हटलं, "मी विचार करून सांगतो."

"करा. सकाळी दहाला या."

मी गेलो.

कॅम्पातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शकूताई आणि त्यांची धाकटी बहीण कमलताई राहायच्या. दोघींचं लग्न झालेलं नव्हतं. पुढच्या खोलीत वडिलांचं शिलाई मशीन होतं. त्यावर कमलताई अजून ब्लाउज शिवायच्या, आणि मशीनला लागून शकूताईंचं टेबल होतं. वडील कॅम्पात लष्कराचे गणवेश शिवायचे. सगळे त्यांना 'मास्टर' म्हणायचे. घरचं आडनाव वेगळंच होतं, पण शकूताईंनी पहिली एकांकिका लिहिली तेव्हा खाली सही केली 'शकुंतला मास्टर'. कुणीतरी म्हणालं, हे काय आडनाव आहे? त्या म्हणाल्या, "कमावलेलं आहे. तुमचं मिळालेलं आहे."

लिहिण्याची सुरुवात कॅम्पानेच करून दिली, लहानपणी. तोफखान्यातल्या जवानांच्या बदल्या व्हायच्या, बायका सामान बांधायच्या आणि जड होतं म्हणून पोरांची हिंदी कॉमिक्स मागे सोडून जायच्या. एका पंजाबी हवालदाराची बायको मापं द्यायला दुकानात आली ती एक अख्खी ट्रंक शकूताईंना देऊन गेली. कमलला हिंदी वाचता येत नव्हतं, म्हणून शकूताई तिला मराठीत वाचून दाखवायच्या.

"ती वाचायची नाहीच," कमलताईंनी मला सांगितलं. "ती फेकायची. पुढं मी हिंदी वाचायला शिकले तर काय, पुस्तकात सगळ्या बायका 'बचाओ, बचाओ' ओरडतायत. हिच्या गोष्टीत तर त्या स्वतःच दोर कापून खाली उतरायच्या!"

"मग?" शकूताई टेबलावरून म्हणाल्या. "हात मोकळे होते तिचे. मी चित्र नीट बघितलं होतं."

मुंबईत त्यांनी वीसेक वर्षं काढली. आधी मालिकांचे संवाद, मग पटकथा. वडिलांच्या धंद्याची भाषा त्यांच्या लेखनात शिरली होती. प्रसंग फसला की त्या म्हणायच्या, "शिलाई चांगली आहे, माप चुकलंय." लांबलेला संवाद दिसला की निळ्या खडूने त्यावर रेघ मारायच्या, शिंपी कापडावर मारतो तशी, आणि खरोखरच कात्रीने तो भाग कापून टाकायच्या. त्यांच्या वह्या त्यामुळे उंदरांनी खाल्ल्यासारख्या दिसायच्या.

त्या वह्यांपैकी एकीतून एक चित्रपट झाला. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. कथा त्यांची, पटकथा त्यांची, शब्द न् शब्द त्यांचा. चित्रपट गाजला. नाशिकला लागला तेव्हा शकूताई कमलताईंना घेऊन दुपारच्या खेळाला गेल्या. पडद्यावर नावं सुरू झाली. 'कथा, पटकथा, संवाद' या शब्दांखाली दिग्दर्शकाचं नाव आलं. शकूताईंचं नाव शेवटी होतं, विशेष आभारांत, घोटी गावच्या ग्रामस्थांच्या खाली.

कमलताई सांगायच्या, "मला वाटलं ही रडणार. मी पदर पुढं केला. तर ही उभी राहिली ना! अंधारात, खुर्चीवर हात टेकून. आणि मोठ्यानं म्हणाली, 'हे मी लिहिलंय.'"

थिएटरात पंधरा-वीस माणसं. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो मावशी, दिसत नाय."

"मग बसल्या?" मी विचारलं.

शकूताईंनी उत्तर दिलं. "बसले. त्याचं बरोबर होतं, त्याला खरंच दिसत नव्हतं. पण सांगायचं ते सांगून झालं होतं."

निर्मात्याला त्यांनी पत्रं लिहिली. त्याने फोनवर सांगितलं, "अहो, पैसे मिळाले ना तुम्हाला वेळेवर?" दिग्दर्शकाने फोन घेणंच बंद केलं. वकील म्हणाला, करारात नावाबद्दल एक ओळ नाही. त्यानंतर शकूताईंनी नावाची ओळ आधी लिहून घेतल्याशिवाय कुठल्याही कागदावर पेन टेकवलं नाही. लोक म्हणू लागले, बाई अवघड आहेत. काम कमी झालं.

शेवटची मालिका सुटली ती चपलांवरून. हा प्रसंग शकूताई स्वतः रंगवून सांगायच्या. मालिकेतली सासू सुनेच्या जेवणात कसलीशी पूड कालवते, सून मरता मरता वाचते. पुढच्या भागासाठी चॅनलवरून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, सूनबाईने सासूच्या पाया पडायचं आहे. घर तुटायला नको. प्रेक्षकांना माफी आवडते."

"माफी कुणी मागायची?"

"सूनबाईने."

"विष कुणी घातलं?"

"मॅडम, तसं नाही, पण मोठी ती सासू..."

"बरं. वाकवते मी तिला," शकूताई म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत भाग लिहून दिला. सून दारापाशी येते. सगळं घर जमलेलं. सासू उंबऱ्यात उभी. सून वाकते. सासू आशीर्वादासाठी हात उचलते. सून उंबऱ्याजवळच्या स्वतःच्या चपला उचलते, पायात घालते आणि निघून जाते. सासूचा हात तसाच वर.

तो भाग अर्थातच झाला नाही. दुसऱ्या लेखकाने पाया पडणं लिहून दिलं आणि शकूताई पंधरा दिवसांत कायमच्या कॅम्पात परत आल्या. "त्या सासूचा हात माझ्या डोक्यात अजून वरच आहे," त्या म्हणायच्या. "खाली घेऊ देत नाही मी तिला."

असं सगळं झाल्यावर माणूस काय करील? रुसेल, नाहीतर आत्मचरित्र लिहील. शकूताईंनी कॉमिक्स काढलं. मी पहिल्या रविवारी गेलो तेव्हा त्यांनी माझ्यापुढे सोळा पानांची वही टाकली. वर लिहिलं होतं 'वायरमन वत्सला'.

वत्सला म्हणजे बेचाळीस वर्षांची, वीज कंपनीत लाइनवर काम करणारी, कंबर दुखणारी, दोन मुलांची आई. गावोगावी खांबावर चढते. वर गेल्यावर तिला भिंतींच्या पलीकडचं दिसतं. बस, एवढीच तिची शक्ती.

मी चाचरत म्हटलं, "ताई, पण वायरमन? वायरवूमन असं काही..."

"तिच्या नेमणुकीच्या कागदावर वायरमन लिहिलंय. कंपनीने बदललं की आपण बदलू."

काम करताना त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती मी पुढे वर्गात मुलांनाही सांगत राहिलो. "देवरे, सिनेमात दार उघडताना दाखवता येतं. इथे एका चौकटीत दार बंद आणि पुढच्या चौकटीत उघडं. मधलं दार वाचक उघडतो. म्हणून त्याला मधे जागा द्या. तुम्ही सगळी जागा ढगांनी भरून टाकता." माझे ढग त्यांना मुळीच आवडायचे नाहीत. पण सिनेमापेक्षा कॉमिक्स त्यांना एका कारणासाठी जास्त आवडायचं. "वत्सलाला पूर हवा असला तर निर्मात्याचं तोंड बघायला नको. देवरेंनी निळा रंग जास्त घ्यायचा, झाला पूर."

अंक नाशिकच्या एका छोट्या छापखान्यात निघायचा आणि शाळांबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानांत, एसटी स्टँडांवर, चांदवड-नांदगावच्या बाजारात विकला जायचा. एका साहित्यिक कार्यक्रमात एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "पटकथा लिहिणाऱ्या बाई तुम्ही, आता हे चित्रांचं पुस्तक? वाईट वाटतं." शकूताई म्हणाल्या, "तुमचं शेवटचं पुस्तक कुणी एसटीत उभ्याने वाचलंय का? माझं वाचतात. वाईट वाटून घेऊ नका."

पाचव्या अंकाच्या वेळी माझ्याकडून एक आगाऊपणा झाला. मी म्हटलं, "ताई, वत्सला वर चढल्यावर तिला काय वाटतं ते तुम्ही कधी लिहीतच नाही." मला वाटलं, आता निळा खडू माझ्यावर फिरणार. त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "खरंय. मी खालून लिहितेय."

पुढच्या आठवड्यात आम्ही चांदवडला होतो. तिथे रंजना नावाची एक तरुणी खरोखरच लाइनवर काम करायची. तिने वत्सलाचे सगळे अंक वाचले होते आणि त्यांतल्या चुकांची यादी करून ठेवली होती. शकूताई त्या यादीवर इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिला मिठीच मारली. कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत शिकाऊ मुलांसाठी एक सरावाचा खांब होता, वीज नसलेला. शकूताईंनी तिथे पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मला चढव."

रंजना माझ्याकडे बघायला लागली. "सर, यांचं वय किती?"

"त्यांना काय विचारतेस, मला विचार. पंचावन्न. गुडघे ठीक आहेत."

"आणि साडी?"

"साडी वर खोचते, खाली सलवार घालून आलेय, बघ ना. मी काय येडी हाय?" शकूताई तिच्याच बोलीत म्हणाल्या.

रंजनाने हेल्मेट दिलं, कंबरेला पट्टा बांधला, शिडी लावली आणि स्वतः मागोमाग चढली. "ताई, खाली नाय बघायचं. खांबाकडं बघायचं. एक हात सोडला तर दुसरा गच्च." चार पायऱ्या. सहा. सातव्या पायरीवर शकूताई थांबल्या. त्यांनी दोन्ही हातांनी खांब कवटाळला. मी ओरडलो, "ताई, पुरे! उतरा!"

वरून आवाज आला, "देवरे, गप्प बसा. वही काढा. लिहा." आणि मग त्या सातव्या पायरीवरून मला सांगू लागल्या. "वर आलं की आधी दिसत नाही, ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. कुठे कुकर वाजतोय, कुठे मूल रडतंय. माणसं लहान दिसत नाहीत, टकली दिसतात. लिहिलं? हायवेवरचे ट्रक हळू चाललेत असं वाटतं. त्या कांद्याच्या चाळीमागे एक बाई एकटीच बसून खातेय. तिला वाटतंय कुणाला दिसत नाही. आणि हात. हाताला घाम येतो, तो पुसायला तिसरा हात नसतो. हे लिहा. तिसरा हात नसतो."

उतरल्यावर त्यांनी दहा मिनिटं जमिनीला पाठ लावली. रंजनाने पाणी आणलं. "लय भारी चढल्या, ताई," ती म्हणाली.

"भारी नाही, घाबरत चढले. तू पण घाबरतेस?"

"रोज," रंजना म्हणाली.

शकूताईंनी पाचवा अंक सगळा फाडून पुन्हा लिहिला. त्याच्या पहिल्या चौकटीत वत्सला म्हणते, "मी रोज घाबरते. मग चढते."

आता जरा माझ्या लाजेची गोष्ट. एका अंकात असं होतं की गावचा पुढारी आपल्या मंगल कार्यालयासाठी तारेवर आकडा टाकून वीज चोरतो, आणि वाडीतल्या गरिबांच्या मोटारी बंद पडतात. वत्सला ऐन लग्नाच्या दिवशी तो आकडा काढते. शकूताईंनी पुढाऱ्याचं वर्णन केलेलं नव्हतं. मी मात्र आमच्या चौकातल्या फ्लेक्सवरच्या एका साहेबांचा चेहरा उचलला. मिशांसकट.

अंक निघाल्यावर आठव्या दिवशी त्या साहेबांची दोन माणसं कॅम्पातल्या घरी आली. मी नेमका तिथेच होतो. एकाने अंक उघडून टेबलावर ठेवला. "हे पान नऊ. हे आमचे साहेब हायेत."

शकूताईंनी चष्मा लावला, चित्र नीट बघितलं. "साहेब वीज चोरतात?"

"नाय! कोण म्हणतं?"

"मग हे साहेब कसे असतील? हा तर चोरतो."

तो माणूस गोंधळला. दुसरा पुढे झाला. "बाई, शानपना नको. अंक माघारी घ्या. सगळे."

"असं करा," शकूताई म्हणाल्या आणि एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "यावर लिहा, 'वीज चोरणारा हा माणूस आमचे साहेबच आहेत.' खाली सही करा. मी पुढच्या छपाईत चेहरा बदलते, आणि का बदलला तेही छापते. कमल, यांना पेन दे. आणि चहा."

कमलताईंनी खरोखरच पेन आणून दिलं. दुसऱ्याने ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. पहिला माणूस तोवर नकळत पुढची पानं उलटायला लागला होता. "लग्नाचं काय होतं मग?" त्याने विचारलं.

"घेऊन जा घरी. वाचा."

ते गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "देवरे, खरं सांगा. कुणाचा चेहरा आहे?"

मी सांगितलं.

"चांगला आलाय. पण पुढच्या वेळी आधी सांगा. भांडायचं तर मला ठरवून भांडायला आवडतं."

त्यांचं भांडण त्यांनी निभावलं. माझं मला निभावता आलं नाही. चार दिवसांनी आमच्या संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून घेतलं. चहा नाही, बसा नाही. "सर, नोकरी किती वर्षं राहिली तुमची? मग असल्या पुस्तकांवर तुमचं नाव कशाला?" एवढंच. मी तसाच कॅम्पात गेलो आणि खाली मान घालून म्हणालो, "ताई, चित्रं काढीन मी. पण नाव काढून टाका."

ज्या बाईने नावासाठी मुंबईतलं काम घालवलं, तिला मी हे सांगत होतो. मला वाटलं त्या नाही म्हणतील. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. घरी दोन मुलं आहेत तुमच्या. बरोबर आहे."

पुढचा अंक आला. आतल्या पानावर 'लेखन : शकुंतला मास्टर', आणि खाली 'चित्रे :', पुढे कोरं. छापखानावाल्याला वाटलं अक्षरं उडाली. त्याने फोन केला तेव्हा मी समोर होतो. शकूताई त्याला म्हणाल्या, "चूक नाही ती. एसटीत रुमाल टाकतात ना, तशी जागा धरून ठेवलीय."

तसेच दोन अंक निघाले; त्यानंतरच्या अंकाची पानं छपाईला द्यायच्या दिवशी मी घरून निघतानाच शाईने नाव लिहून नेलं. त्यांनी पानं चाळली. थांबल्या. "'दे' जरा मोठा काढा," म्हणाल्या, "लाजल्यासारखा दिसतोय." सचिवांनी नंतर माझी वेतनवाढ अडवली. त्यावर मी भांडलो. भांडता येतं, हे मला तेव्हा माहीत झालं होतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, शकूताई पासष्टीच्या घरात असताना, एक दिवस एक चकचकीत गाडी कॅम्पाच्या त्या गल्लीत आली. तो त्या जुन्या चित्रपटाच्या निर्मात्याचा मुलगा होता. निर्माता वारला होता. मोबाइलवर चित्रपट दाखवणाऱ्या कुठल्याशा कंपनीला तो चित्रपट हवा होता, पण त्यांच्या वकिलांनी सगळी कागदपत्रं मागितली, आणि त्यात लेखकाचा कागद सापडेना. दिग्दर्शकाकडे एकही वही नव्हती. वह्या शकूताईंकडे होत्या.

मुलगा सभ्य होता. पेढे घेऊन आला होता. "मॅडम, फक्त एक सही. हक्क आमच्याकडे आहेत एवढं लिहून द्यायचं. मानधनाचं तुम्ही म्हणाल तसं."

"मानधन तुमच्या वडिलांनी दिलं होतं. वेळेवर दिलं होतं. नाव राहिलं."

"नाव?"

"कथा, पटकथा, संवाद. शकुंतला मास्टर. एकटीचं. सुरुवातीला."

तो हसला. "मॅडम, एवढ्या वर्षांनी नावं कोण बघतं हो? लोक पुढे पळवतात."

"मग घालायला काय हरकत आहे?"

त्याने पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. दिग्दर्शक ऐकणार नाहीत, म्हणाला. तांत्रिक अडचणी सांगितल्या. आभारांच्या यादीत पहिलं नाव देतो म्हणाला. शकूताईंनी त्याला दुसरा चहा दिला. तो कागद तसाच घेऊन परत गेला.

मग सहा-सात महिने काहीच झालं नाही. त्याच काळात शकूताईंना छातीत दुखून दवाखान्यात ठेवावं लागलं. कमलताई पार खचल्या. खाटेशी बसून म्हणाल्या, "ताई, दे ना सही करून. काय राहिलंय आता? डॉक्टर म्हणतात डोक्याला त्रास नको."

"सही केली तर त्रास होईल," शकूताई म्हणाल्या. नाकात नळी होती, आवाज बारीक झाला होता. "कमे, तू त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होतीस. तूही विसरलीस?"

कमलताईंनी मानेनेच नाही म्हटलं आणि त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. दवाखान्याच्या बाहेर आम्ही दोघं उभे होतो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ती मेली तरी मी सही करणार नाही. मलाही येतं नाही म्हणायला."

ती वेळ आली नाही. शकूताई घरी आल्या आणि दोन महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला. कंपनी थांबायला तयार नव्हती, दिग्दर्शक अखेर नरमला होता. नाव बदलणार होते. शकूताईंनी आधी बदललेली नावं डोळ्यांनी बघितली, मग सही केली.

चित्रपट आला त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी मी माझा लॅपटॉप घेऊन कॅम्पात गेलो. कमलताईंनी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि लॅपटॉप त्यावर ठेवला. शकूताई खुर्चीत, पायांवर शाल. नावं सुरू झाली. द्राक्षांचे वेल, धुकं, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ती ओळ आली. तीन-चार सेकंद राहिली असेल. कमलताईंनी तोंडावर पदर धरला. मी शकूताईंकडे बघितलं. त्या नेहमीसारख्याच बसल्या होत्या, फक्त घड्याळाचा पट्टा उगाच घट्ट करत होत्या.

"परत लावू का?" मी विचारलं.

"कशाला? पुढे बघू."

आम्ही बघत राहिलो. अर्ध्या तासाने तो प्रसंग आला, ज्यात थोरली बहीण विहिरीच्या काठावर बसून धाकटीला आपलं दुःख सांगते. लोकांना तो फार आवडला होता. थोरली बोलत होती, बोलत होती. शकूताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या पुढे झुकल्या.

"किती बोलते ही बाई! धाकटीला सगळं माहीत आहे ना? मग सांगते कुणाला? कुणी लिहिलंय हे?"

कमलताईंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"ताई," मी म्हटलं, "तुम्हीच."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांना खोकला आला, कमलताईंनी पाठ चोळली. "बरोबर. माझंच आहे," त्या म्हणाल्या. "असू दे. चूकसुद्धा माझीच आहे. ती तरी दुसऱ्याच्या नावावर कशाला?"

मग त्यांनी मला चित्र थांबवायला लावलं. टेबलावरून पेन्सिल आणि एक पाठकोरा कागद घेतला. पडद्यावर थोरली बहीण तोंड उघडं ठेवून थिजली होती. शकूताई कागद गुडघ्यावर ठेवून तो प्रसंग पुन्हा लिहायला लागल्या, जणू सकाळी चित्रीकरण आहे आणि बाहेर गाडी उभी आहे.

मी अर्धा तास थांबलो. मग कमलताईंना खुणेने सांगून निघालो. दारात चपला घालताना मागे बघितलं, तर त्यांची मान खालीच होती. एक ओळ लिहून झाली होती, ती खोडून त्या दुसरी लिहीत होत्या.